देवक, देव आणि वाट : सातारा-सांगली परिसरातील कुळचिन्हे व स्थलांतरकथा यांचे दृश्यरूप

गोषवारा

उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे समाजाच्या स्थलांतरकथा आणि कुळचिन्हे गेल्या साठ वर्षांत आधुनिक चित्रकलेचा विषय झाल्या. 'टोटेम' हा समाजशास्त्रातील शब्दही मूळचा याच समाजाचा. महाराष्ट्रात या शब्दाला 'देवक' हा प्रतिशब्द योजला जातो. सातारा व सांगली जिल्ह्यांत देवकाची प्रथा आजही विवाहविधीत आढळते, आणि कुळांच्या व देवांच्या स्थलांतराच्या कथा यात्रा, ओव्या व पालख्या यांतून जिवंत आहेत. तथापि येथील कुळचिन्ह चित्रात उतरलेले नाही. ते डहाळी, पीस, टाक, कावड अशा प्रत्यक्ष वस्तूंत राहिले आहे. या भेदाची कारणे आणि त्यातून उद्भवणारा जतनाचा प्रश्न यांची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : देवक, कुळचिन्ह, स्थलांतरकथा, धनगर, माणदेश, टाक, ओजिब्वे, वुडलँड चित्रशैली.

१. प्रस्तावना

माणूस आपले मूळ दोन प्रकारे सांगतो. आपण कोणाचे आहोत हे तो कुळाच्या खुणेने सांगतो आणि आपण कोठून आलो हे कथेने सांगतो. सातारा-सांगली परिसरात या दोन्ही गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत. एखाद्या घराण्याचे आडनाव, त्याचे मूळ गाव, त्याचे कुलदैवत व त्याचे देवक यांची विचारपूस सोयरीक जुळवताना एकाच बैठकीत होते. 'तुमचे मूळ गाव कोणते?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सध्याच्या गावाचे नसते. ते चार-पाच पिढ्यांपूर्वी, क्वचित त्याहूनही आधी सोडलेल्या गावाचे असते.

फलटणचे नाईक निंबाळकर घराणे आपले मूळ माळव्यातील धारच्या परमारांशी जोडते आणि आपले आडनाव फलटणजवळच्या निंबळक गावावरून आल्याचे सांगते. जतच्या डफळे घराण्याचे मूळ आडनाव चव्हाण. डफळापूर या गावावरून ते डफळे झाले. अशा परंपरांचा ऐतिहासिक खरेखोटेपणा हा स्वतंत्र विषय आहे. परंतु स्थलांतर ही या परिसरातील कुळांच्या आत्मकथनाची पहिली ओळ आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, या परिसरात कुळचिन्ह व स्थलांतरकथा कोणत्या दृश्य स्वरूपात आढळतात? दुसरा, ओजिब्वे समाजात त्या आधुनिक चित्रकलेत कशा व का आल्या? तिसरा, या तुलनेतून आपल्याकडील परंपरेच्या जतनासंबंधी काय शिकता येते? विवेचनासाठी प्रकाशित ग्रंथ आणि परिसरातील सार्वजनिक विधी व यात्रा यांचा आधार घेतला आहे.

२. 'टोटेम' या शब्दाचा प्रवास

ओजिब्वे हा अनिशिनाबे या मोठ्या समाजसमूहाचा एक घटक आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांच्या सीमेवरील पंचमहासरोवरांच्या भोवती त्यांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेत कुळाला 'डूडेम' म्हणतात. क्रौंच, लून हा पाणपक्षी, अस्वल, मार्टेन हा मुंगसासारखा वन्य प्राणी, कॅटफिश हा मासा ही त्यांची प्रमुख कुळचिन्हे. कूळ पित्याकडून मिळते आणि एकाच कुळातील स्त्री-पुरुषांचा विवाह निषिद्ध मानला जातो.

जॉन लाँग या इंग्रज व्यापारी दुभाष्याने १७९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द 'टोटम' अशा रूपात प्रथम इंग्रजीत आणला. जेम्स फ्रेझर यांनी १८८७ मध्ये 'टोटेमिझम' या ग्रंथात त्याला सर्व मानवसमाजांना लागू होणाऱ्या संज्ञेचे रूप दिले. पुढे दुर्खीम व फ्रॉइड यांनी आपापल्या सिद्धांतांची उभारणी तिच्यावर केली. १९६२ मध्ये क्लोद लेव्ही-स्ट्राउस यांनी मात्र भिन्न भिन्न समाजांतील भिन्न प्रथा एकाच नावाखाली गोळा केल्याने ही संज्ञा भ्रामक झाली आहे, अशी टीका केली.

महाराष्ट्रात ही संज्ञा वसाहतकालीन जातिवर्णनांतून आली. आर. ई. एन्थोवन यांच्या 'द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे' या १९२० ते १९२२ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांत मराठा, कुणबी, धनगर इत्यादी जातींच्या देवकांची नोंद आहे. अशा रीतीने सुपीरिअर सरोवराच्या काठचा शब्द लंडनमार्गे कृष्णाकाठी पोहोचला आणि आपल्याच एका प्रथेचे शास्त्रीय नाव ठरला. अभ्यासकाने हा प्रवास लक्षात ठेवणे आवश्यक आहे. 'देवक म्हणजे टोटेम' असे म्हटल्याने देवकाचे स्पष्टीकरण होत नाही, केवळ भाषांतर होते.

३. देवक : स्वरूप आणि विधी

देवक म्हणजे कुळाने पूज्य मानलेली वनस्पती, पक्ष्याचे पीस किंवा एखादी वस्तू. कळंब, पंचपल्लव, उंबर, केतकी, कमळ, मोराचे पीस, साळुंकीचे पीस, शंख, तलवारीची धार अशी देवकांची नावे कुळावळींत आढळतात. काही ठिकाणी आडनाव आणि देवक यांचा उच्चारातच मेळ दिसतो. मोरे घराण्यांत मोराचे पीस, साळुंख्यांत साळुंकीचे पीस, कदमांत कळंब ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. जावळीच्या मोऱ्यांमुळे यांतील पहिले उदाहरण सातारा जिल्ह्याच्या इतिहासाशी थेट जोडले जाते. मात्र आडनाव व देवक यांची जोडी सर्वत्र सारखी नाही. एकाच आडनावाच्या दोन गावांतील घरांत निरनिराळी देवके असतात. छापील कुळावळींतही परस्परविरोध आढळतो. म्हणून घरोघरची तोंडी माहिती हाच या विषयातील पहिला पुरावा ठरतो.

देवकाचे सामाजिक कार्य दुहेरी आहे. देवक एक असलेल्या कुळांत सोयरीक होत नाही; तेथे ते भाऊबंदकीची सीमा आखते. दुसरे कार्य निषेधाचे आहे. जे झाड आपले देवक, ते तोडू नये, त्याचे लाकूड जाळू नये, त्याचे फळ खाऊ नये असा संकेत अनेक घरांत पाळला जात असे.

विवाहाच्या आरंभी 'देवक बसवणे' हा विधी होतो. पुष्कळ गावांत देवकाची डहाळी मारुतीच्या देवळात आणून ठेवतात. वराचे किंवा वधूचे आईवडील, अथवा त्यांच्या जागी भाऊ-भावजय, उपरण्या-पदराची गाठ बांधून वाजतगाजत देवळात जातात. पुरुषाच्या हाती कुऱ्हाड व स्त्रीच्या हाती पूजेचे ताट असते. तेथून देवक मांडवात आणून मुहूर्तमेढीला बांधतात किंवा देवघराजवळ बसवतात. कार्य पार पडल्यावर देवक उठवले जाते. या सर्व विधीत देवकाची मूर्ती नसते, चित्रही नसते. देवक चार दिवस ताजे राहणारी एक डहाळी असते आणि नंतर ती विसर्जित होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. देवकाचे दृश्यरूप म्हणजे ती वस्तू स्वतः. प्रत्येक पिढीला ते नव्याने रानातून आणावे लागते. ते आणण्यासाठी झाड ओळखता यावे लागते, आणि झाड ओळखता येण्यासाठी ते परिसरात असावे लागते. देवकाच्या प्रथेत वनस्पतिज्ञान व परिसराची ओळख अशी गुंफलेली आहे. कळंबाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील कोरड्या प्रदेशात ज्याला कळंब किंवा कळम म्हणतात तो वृक्ष वनस्पतिशास्त्रात 'मायट्रॅगायना पार्व्हिफोलिया' या नावाने ओळखला जातो. रोपवाटिकांत मिळणारा, मोठ्या चेंडूसारख्या फुलांचा कदंब हा 'निओलॅमार्किया कदंबा' होय. दोन्हींची फुले गोलाकार असल्याने व नावे जवळची असल्याने एकाच्या जागी दुसरा येणे सहज शक्य आहे. तसे झाले तर नाव टिकेल, पण आजोबांनी ज्या झाडाची डहाळी आणली ते झाड घराच्या स्मरणातून जाईल.

४. पाठोपाठ येणारे देव

कुळचिन्हाप्रमाणेच या परिसरातील देवही स्थलांतरित आहेत. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा मेंढपाळीचा प्रदेश आहे. पावसाळ्यात गावी राहून, दसरा-दिवाळीनंतर मेंढरांचा कळप घेऊन कृष्णेच्या खोऱ्याकडे वा कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, हा येथील धनगरांचा वार्षिक क्रम. या फिरत्या वस्तीला 'वाडा' म्हणतात. वाटेवरील शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे घेण्याची रीत आहे. अशा जीवनक्रमात देवही वाटेवरचाच असणे स्वाभाविक आहे.

महाराष्ट्रात अनेक क्षेत्रांच्या कथांचा साचा एकच आहे. भक्त दरवर्षी दूरच्या देवाच्या दर्शनाला जातो. वार्धक्याने त्याला वाट चालवेनाशी होते. देव म्हणतो, 'तू पुढे चल, मी तुझ्या मागे येतो. मात्र मागे वळून पाहू नकोस.' भक्त कोठेतरी वळून पाहतो आणि देव तेथेच थांबतो. जेथे देव थांबला तेथे ठाणे होते. या कथेत देवाचे नवे ठिकाण भक्ताच्या थकव्याने व त्याच्या एका मानवी चुकीने ठरते. स्थलांतर करणाऱ्या समाजाने आपल्या वाटेच्या शेवटाला दिलेला हा अर्थ आहे.

म्हसवड (ता. माण) व खरसुंडी (ता. आटपाडी) येथील सिद्धनाथाची परंपरा सोनारीच्या काळभैरवाशी जोडली जाते. पाल (ता. कराड) येथील खंडोबाचे ठाणे पालाई या भक्त गवळणीच्या कथेशी निगडित आहे, तारळी नदीच्या काठी पौष महिन्यात तेथे खंडोबा-म्हाळसा विवाहाची यात्रा भरते. आरेवाडी (ता. कवठे महांकाळ) येथील बिरोबाचे बन हे धनगर समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. हाच देव कानडी मुलखात बीरप्पा म्हणून ओळखला जातो. बेळगाव जिल्ह्यातील चिंचलीची मायाक्का ही त्याची बहीण मानली जाते आणि तिच्या माघी यात्रेला सांगली-कोल्हापूरकडील भाविक मोठ्या संख्येने जातात. देवाचे नाव भाषेची सीमा ओलांडताना बदलते, नाते बदलत नाही.

या विषयाचा पायाभूत अभ्यास गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) यांनी केला. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या देवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये व त्याचे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. धनगरांच्या ओव्या हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख आधार होता. त्यापूर्वी दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातील मातृदेवतांची ठाणी व प्राचीन पशुपालकांच्या वाटा यांचा संबंध दाखवला होता. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील ग्रंथात भोसले घराण्याचे कुलदैवत आणि त्या घराण्याचे दक्षिणेकडून झालेले स्थलांतर यांचा संबंध मांडला. हे मत सर्वमान्य नाही. परंतु कुलदैवताच्या वाटेवरून कुळाची वाट शोधण्याची त्यांची पद्धत महत्त्वाची आहे.

५. स्थलांतराची दृश्यरूपे

(अ) टाक : देवघरातील टाक म्हणजे देवतेची किंवा घराण्यातील पूर्वजाची उठावाची आकृती असलेला धातूचा लहान पत्रा. घोड्यावर बसलेला खंडोबा, त्याच्या सोबत म्हाळसा व पायाशी कुत्रा ही टाकावरील परिचित आकृती. टाक सपाट, लहान व हलका असतो. फडक्यात गुंडाळून तो कोठेही नेता येतो. घर विभक्त झाले, नोकरीसाठी मुंबई-पुण्यास गेले, तरी टाक सोबत जातात किंवा नवे घडवले जातात. स्थलांतर करणाऱ्या घराण्याचे ते सुटसुटीत देवालय होय.

(आ) वीरगळ : गावाच्या वेशीवर वा मंदिराच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे टाकाच्या विरुद्ध टोकाचे रूप आहे. खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा व माथ्यावर चंद्रसूर्य अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. कूळ निघून जाते, दगड राहतो. पुष्कळ गावांत वीरगळाला शेंदूर लावला जातो, परंतु तो कोणाचा हे सांगणारे घर गावात उरलेले नसते.

(इ) घोंगडी : मेंढीच्या लोकरीची, सनगरांनी विणलेली काळी घोंगडी हे धनगराचे अंथरूण, पांघरूण व पावसाळी आडोसा. पूजेच्या वेळी तीच देवाची बैठक होते. मेंढपाळ, सनगर व देव यांना जोडणारी ही वस्तू परिसराच्या अर्थव्यवस्थेचेच एक चित्र आहे.

(ई) कावड व ध्वज : चैत्रात शिखर शिंगणापूर (ता. माण) येथे दूरदूरच्या गावांतून पाण्याच्या कावडी येतात. सासवड परिसरातील तेल्या भुत्याची कावड अवघड मुंगी घाटाने चढवली जाते. शंभुमहादेव व बळी यांच्या मंदिरांच्या शिखरांना जोडणारे लांबलचक वस्त्र बांधले जाते. प्रत्येक गावाची कावड, तिची वाट व तिचा मान ठरलेला असतो. फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या ग्रंथात अशा यात्रांतून लोकांच्या मनात 'प्रदेश' कसा आकारास येतो हे दाखवले आहे. कागदावर न काढलेला हा नकाशा दरवर्षी पायांनी पुन्हा आखला जातो.

(उ) गजीनृत्य व ओवी : ढोलांच्या तालावर रुमाल उडवीत गोलाकार केलेले गजीनृत्य आणि 'सुंबरान' मांडून आरंभलेली ओवी यांत कथा व हालचाल एकत्र येतात. 'सुंबरान' म्हणजे स्मरण. देव कोठून निघाला, कोठे थांबला, कोणाला भेटला ही स्थळांची मालिका ओवीत येते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाट उभी राहते.

आधुनिक मराठी साहित्यानेही हा विषय हाताळला आहे. माडगुळ्याचे (ता. आटपाडी) व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीत दुष्काळाने धनगरांची वाडी ओस पडते. अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये तीवर चित्रपट काढला. वाटेगावचे (ता. वाळवा) अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीत शेजारच्या गावची जोगणी आपल्या गावी आणण्यासाठी राणोजी प्राण देतो. चिन्ह हलले की जत्रा हलते, आणि जत्रा हलली की गावाचा मान हलतो, हे येथील समाजशास्त्र या कादंबरीइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच आले असेल. चित्रकलेत मात्र देवक किंवा देवाची वाट हा विषय असा ठळकपणे आलेला दिसत नाही.

६. ओजिब्वे समाज : चिन्हापासून चित्रापर्यंत

ओजिब्वे परंपरेनुसार त्यांचे पूर्वज पूर्वेकडील महासागराच्या काठी राहत होते. पाण्यावर अन्न उगवते अशा भूमीच्या शोधात पश्चिमेकडे जावे, असा संकेत त्यांना मिळाला. 'मिगिस' ही पवित्र कवडी त्यांना वाटेत ठिकठिकाणी दर्शन देत गेली. सात मुक्कामांनंतर ते सुपीरिअर सरोवरातील मॅडलिन बेटापाशी पोहोचले. सरोवरांच्या उथळ पाण्यात आपोआप वाढणारा रानभात, म्हणजे त्यांच्या भाषेतील 'मनोमिन', हेच ते पाण्यावरचे अन्न. विल्यम वॉरेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या परंपरा लिहून काढल्या. त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एडवर्ड बेंटन-बनाई यांनी १९७९ मध्ये 'द मिशोमिस बुक' या पुस्तकातून त्या नव्या पिढीसाठी पुन्हा सांगितल्या.

खंडोबाच्या वाघ्यांच्या व भवानीच्या आराध्यांच्या गळ्यातही कवड्यांची माळ असते. यावरून दोन्ही समाजांचा काही संबंध होता, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. कवडी समुद्राची आहे आणि दोन्ही ठिकाणी ती समुद्रापासून दूर पूजली जाते, एवढेच साम्य येथे ध्यानात घ्यावे. दूरच्या ठिकाणाहून आलेली वस्तू दूरच्या मुळाची साक्ष देते.

ओजिब्वे समाजात भूर्जवृक्षाच्या सालीवर धार्मिक चित्रलेख कोरण्याची परंपरा होती. कुळचिन्ह ही तर सहीच होती. १७०१ मध्ये माँट्रियल येथे फ्रेंचांशी झालेल्या तहावर अनेक मूलनिवासी राष्ट्रांच्या प्रमुखांनी कुळचिन्हे काढून सह्या केल्या. १८४९ मध्ये आपल्या भूमीवरून हुसकावले जाऊ नये यासाठी ओजिब्वे प्रमुखांचे एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले. त्यांनी नेलेल्या चित्ररूप अर्जात क्रौंच, मार्टेन, अस्वल, मत्स्यमानव व कॅटफिश ही कुळे एका रांगेत आहेत. प्रत्येकाच्या डोळ्यांपासून व हृदयापासून निघालेल्या रेषा पुढच्या क्रौंचाला मिळतात, म्हणजे सर्वांची दृष्टी व मन एक आहे. क्रौंचाच्या डोळ्यापासून निघालेली रेषा रानभाताच्या तळ्यांकडे जाते, म्हणजे मागणी त्या तळ्यांची आहे. शासनाने पुढच्याच वर्षी स्थलांतराचा हुकूम काढला आणि त्याच्या अंमलबजावणीत १८५० च्या हिवाळ्यात सँडी लेक येथे अनेकजण मृत्युमुखी पडले. १८५४ च्या ला पॉइंट तहाने मात्र त्यांना आपल्या भूमीत राखीव प्रदेश मिळाले. कुळचिन्ह येथे राजकीय दस्तऐवज झाले होते.

यानंतरच्या काळात कॅनडात मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. अशा मुलांची संख्या दीड लाखाहून अधिक होती, असे सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५ च्या अहवालात नमूद आहे. भाषा व विधी यांवर बंधने आली. या पार्श्वभूमीवर नॉर्व्हाल मॉरिसो (निधन २००७) यांचे कार्य समजून घ्यावे लागते. ते स्वतः निवासी शाळेत गेलेले होते. परंपरेतील कथा त्यांनी आजोबांकडून ऐकल्या. जाड काळी रेषा, प्राण्यांच्या शरीरातील अंतर्भाग दाखवण्याची पद्धत आणि एका जीवातून दुसऱ्या जीवाकडे जाणाऱ्या रेषा ही त्यांच्या चित्रांची वैशिष्ट्ये. टोरांटो येथे १९६२ मध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले. त्यांच्यापासून 'वुडलँड' शैली रूढ झाली. १९७३ मध्ये डॅफ्नी ओजिग, मॉरिसो आदी सात मूलनिवासी चित्रकारांनी आपली व्यावसायिक संस्था स्थापन केली. २००६ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने मॉरिसो यांचे एकल प्रदर्शन भरवले. फर्स्ट नेशन्स चित्रकाराला तेथे मिळालेला असा तो पहिलाच मान होता.

या यशाची दुसरी बाजूही आहे. पवित्र कथा बाहेरच्यांपुढे चित्रित केल्याबद्दल समाजातील काही वडीलधाऱ्यांनी आरंभी मॉरिसो यांच्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावावर खपवलेल्या बनावट चित्रांचा मोठा व्यवहार उघडकीस आला आणि २०२३ मध्ये पोलिसांनी आठ जणांवर आरोप ठेवले. चिन्ह कुळातून सुटून बाजारात गेले की त्याचा खरा धनी कोण, हा प्रश्न तेथे न्यायालयापर्यंत पोहोचला.

७. साम्य व भेद

महाराष्ट्रात चिन्हापासून चित्रापर्यंतचा असा प्रवास वारली समाजात झाला. विवाहप्रसंगी सवाशिणी भिंतीवर देवचौक लिहीत. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांनी ही रेषा विधीबाहेर, कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रांची भौगोलिक निर्देशक म्हणून नोंद झाली. वारली चौक व ओजिब्वे भूर्जपत्र या दोन्हींत मुळातच रेषा होती. ती भिंतीवरून वा सालीवरून कागदावर येऊ शकली. देवकात रेषा नाही, डहाळी आहे. सातारा-सांगलीची परंपरा चित्रात न येण्याचे पहिले कारण हे स्वरूपगत आहे.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. ओजिब्वे समाजाची भूमी गेली, मुले हिरावली गेली, विधींवर बंधने आली. जे करता येत नव्हते ते चित्रात सांगावे लागले. येथे तसे घडले नाही. देवक बसवण्यास कोणी मनाई केली नाही, कावडी अडवल्या गेल्या नाहीत. जोवर कृती चालू आहे तोवर तिच्या चित्राची निकड समाजाला भासत नाही.

म्हणून येथील धोका वेगळ्या प्रकारचा आहे. मंगल कार्यालयातील एका दिवसाच्या विवाहात देवक बसवणे व उठवणे काही तासांत उरकते. डहाळी कोणीतरी आणून ठेवतो. ती कोणत्या झाडाची आहे, हे विचारले जातेच असे नाही. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी या योजनांनी दुष्काळी पट्ट्यात पाणी आणले, ही स्वागतार्ह घटना आहे. मात्र माळरान बागायतीखाली आले की मेंढरांची जुनी वाट व मुक्कामाची जागा बदलते. ओवीतील स्थळे नकाशावर राहतात, पण त्या क्रमाने चालणारा कोणी उरत नाही. विधी बंद पडत नाहीत. त्यांतील ज्ञान मात्र हळूहळू निघून जाते. ही झीज बंदीसारखी डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध कोणी शिष्टमंडळ नेत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) सातारा-सांगली परिसरात कुळचिन्ह व स्थलांतरकथा यांचे दृश्यरूप प्रामुख्याने वस्तू व कृती यांत आहे. देवक, टाक, कावड, घोंगडी व गजीनृत्य यांकडे केवळ धार्मिक साधने म्हणून न पाहता दृश्यपरंपरा म्हणूनही पाहिले पाहिजे.

२) 'टोटेम' व 'देवक' यांत पितृवंश व विवाहनिषेध ही साम्ये आहेत. परंतु ओजिब्वे कुळचिन्ह ही सही व चित्रही होते. देवक ही प्रत्येक विवाहात नव्याने आणावयाची सजीव वस्तू आहे. हा भेद पुसून टाकणारी तुलना उपयोगाची नाही.

३) ओजिब्वे कलावंतांच्या अनुभवातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. चिन्ह नव्या माध्यमात गेल्याने नष्ट होत नाही, त्याला नवे बळही मिळते. परंतु ते नेण्यापूर्वी ज्यांचे ते आहे त्यांची संमती व सहभाग आवश्यक असतो. परिसरातील कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी देवकाचा नक्षी म्हणून वापर करण्यापूर्वी ते कोणत्या घराचे आहे, हे विचारले पाहिजे.

४) देवकाचे जतन संग्रहालयात होणार नाही. त्यासाठी झाड, नाव व घर या तिन्हींची नोंद एकत्र व्हावी लागेल. हे काम महाविद्यालयांना सहज शक्य आहे. प्रत्येक वर्गात शंभर घरांची मुले बसलेली असतात. मराठी, समाजशास्त्र, इतिहास व वनस्पतिशास्त्र या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांना एकच साधा प्रकल्प द्यावा : आपल्या घरचे देवक कोणते, ते झाड सध्या कोठे आहे, मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, आणि ही माहिती घरातील कोणी सांगितली. कुटुंबाच्या संमतीने केलेली अशी नोंद काही वर्षांत परिसराचा असा दस्तऐवज होईल, जो आज कोणत्याही ग्रंथात नाही.

ही माहिती सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. देवकाचे झाड पुन्हा लावता येते, पण ते कोणत्या घराचे होते हे सांगणारे माणूस गेल्यावर ती डहाळी आणि बाजारातली कोणतीही डहाळी यांत फरक करता येणार नाही.